ख्रिसमस पुडिंग: आठ तासांच्या वाफेचा माझा अनुभव

इंग्लंडमध्ये ख्रिसमस पुडिंग, म्हणजे सुक्या मेव्याचा वाफवलेला नाताळचा गोड पदार्थ, करण्याचा दिवस परंपरेने ठरलेला आहे. अ‍ॅडव्हेंट (नाताळाच्या तयारीचा, चार रविवारांचा काळ) सुरू होण्याच्या आधीचा शेवटचा रविवार, म्हणजे नाताळाच्या चार-पाच आठवडे आधीचा रविवार, ‘स्टर-अप संडे’ म्हणून ओळखला जातो. त्या दिवशी घरातील प्रत्येक जण मिश्रणात एकदा तरी डाव फिरवतो आणि मनात एखादी इच्छा धरतो. डाव पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवायचा असतो, कारण बाळ येशूच्या दर्शनाला आलेले ज्ञानी पुरुष पूर्वेकडून आले होते. लीड्सला राहायला आल्यापासून मी दुकानातले पुडिंग बरेचदा खाल्ले होते. परंतु शेजारच्या वयस्कर बाईंनी घरी केलेले पुडिंग खाल्ल्यावर दोहोंतील अंतर लक्षात आले आणि त्यांच्याच देखरेखीखाली ते शिकायचे मी ठरवले.

तयारी आदल्या रात्री सुरू होते. १.२ लिटरच्या भांड्यासाठी आम्ही ४०० ग्रॅम सुका मेवा घेतला. त्यात बेदाणे, मोठ्या काळ्या मनुका आणि करंट, म्हणजे बारीक काळ्या द्राक्षांच्या आंबटगोड मनुका, जवळजवळ समप्रमाणात होत्या. शिवाय संत्र्या-लिंबाची पाकवलेली साल मूठभर होती. एका संत्र्याचा रस आणि थोडी ब्रँडी घालून हे सारे झाकून ठेवले. सकाळपर्यंत रस पूर्ण जिरला होता आणि सुरकुतलेल्या मनुका टपोऱ्या झाल्या होत्या. हे भिजवणे टाळू नये, कारण कोरडा मेवा पिठातले पाणी ओढून घेतो आणि पुडिंग घट्ट होते.

या पदार्थाचा खरा आधार म्हणजे स्यूट. ही गाय-बैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी असते. पूर्वी ती घरीच किसावी लागे. १८९३ मध्ये मँचेस्टरला ‘अटोरा’ या कंपनीने तयार चुरलेले स्यूट विकायला सुरुवात केल्यावर ते कष्ट वाचले. मला ती चरबी चालत नसल्यामुळे मी वनस्पती तेलाचे शाकाहारी स्यूट १०० ग्रॅम वापरले. त्याऐवजी लोणी का चालत नाही, हे मी बाईंना विचारले. लोणी भांडे तापू लागताच वितळून पिठात मुरते. स्यूटचे कण मात्र त्याहून जास्त उष्णतेला, सावकाश वितळतात. तोपर्यंत भोवतीचे पीठ सेट होऊ लागलेले असते आणि कण विरघळल्यावर तिथे बारीक पोकळ्या राहतात. एवढा मेवा पोटात घेऊनही चांगले पुडिंग दडस लागत नाही, ते या पोकळ्यांमुळे. मैदा कमी आणि शिळ्या पावाचा चुरा जास्त घेण्यामागेही हाच विचार आहे: आम्ही १०० ग्रॅम चुरा आणि ७५ ग्रॅम सेल्फ-रेझिंग (बेकिंग पावडर मिसळलेला) मैदा घेतला.

त्यात १७५ ग्रॅम गडद मस्कोवाडो (काकवी न काढलेली, ओलसर) साखर, चमचाभर ट्रीकल (हे आपल्या काकवीच्या जवळचे), दोन अंडी, एक किसलेले आंबट सफरचंद, संत्र्याची किसलेली साल आणि चिमूटभर मीठ घातले. दालचिनी, जायफळ, लवंग आणि सुंठ मी स्वतः कुटून घातली. मसाल्यांच्या वासावरून आठवले, १९२७ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातील मालाचा प्रचार करणाऱ्या एम्पायर मार्केटिंग बोर्डाने राजा पंचम जॉर्ज यांच्या आचाऱ्याची पुडिंगची कृती प्रसिद्ध केली होती. तीत प्रत्येक जिन्नस साम्राज्याच्या कोणत्या प्रदेशातला घ्यावा हेही सांगितले होते: लवंगा झांझिबारच्या, रम जमैकाची. इंग्लंडच्या सणाचा हा पदार्थ किती देशांच्या शेतांवर उभा आहे, हे त्या यादीइतके स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसते, आणि माझ्या मते ते विसरू नये.

पूर्वी हे मिश्रण कापडात बांधून उकळत्या पाण्यात सोडत. आता चिनी मातीचे खोलगट पुडिंग बेसिन वापरतात. ते बांधणे ही संपूर्ण कृतीतली सर्वांत नाजूक पायरी आहे. भांड्याला आतून लोणी लावले, तळाशी कागदाची गोल चकती ठेवली आणि मिश्रण दाबून भरताना वर दोन सेंटिमीटर जागा सोडली. मग बेकिंग पेपर व त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल एकत्र धरून मधोमध एक रुंद चुणी घातली, कारण पुडिंग फुगते तेव्हा ही चुणी उलगडून त्याला जागा देते. भांड्याच्या कडेला बाहेर आलेला काठ असतो. त्याखालून सुतळीचे दोन वेढे घेऊन बाईंनी पहिल्या गाठीवर माझे बोट दाबून धरायला लावले आणि दुसरी गाठ मारली. उरलेली सुतळी वरून पलीकडे नेऊन तिचा कडीसारखा फास केला, म्हणजे गरम भांडे उचलता येते. शेवटी फॉइलच्या कडा वर दुमडल्या. त्या खाली लोंबत राहिल्या तर पाणी कागदाच्या आधाराने आत शिरते.

मोठ्या पातेल्यात बशी पालथी घालून तिच्यावर बेसिन ठेवले आणि अर्ध्या उंचीपर्यंत उकळते पाणी ओतले. पुढचे आठ तास मंद आच, घट्ट झाकण आणि पाण्याकडे लक्ष. उकडीच्या मोदकांना दहा-पंधरा मिनिटांची वाफ पुरते, त्या सवयीच्या हातांना एवढा वेळ खरोखर अवघड वाटतो. दर पाऊण तासाने मी झाकण उचलून पाणी पाहत असे आणि कमी झालेले पाणी किटलीतल्या उकळत्या पाण्यानेच भरत असे. गार पाण्याने वाफ मोडते. कुकर लावून वेळ वाचवता येतो, पण तेव्हाही सुरुवातीला दाबाविना वाफ द्यावी लागते, नाहीतर मैद्याला फुगायला अवधी मिळत नाही. पहिल्या खेपेला पातेलेच बरे, असे माझे मत आहे, कारण त्यात काय चालले आहे ते कळत राहते. कच्चे मिश्रण तपकिरी असते. साखर आणि प्रथिने यांच्यात तासन्‌तास चालणाऱ्या प्रक्रियेमुळे ते जवळजवळ काळे होते, आणि तो रंग व ती खोल चव घाईने मिळत नाही.

पुडिंग पूर्ण निवल्यावर ओलसर कागद-फॉइल काढून नवे कोरडे बांधले आणि भांडे थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवले. साखर, सुका मेवा आणि ब्रँडी यांमुळे ते टिकते, आणि मुरल्यावर मसाल्यांचा तिखटपणा उतरून चव एकजीव होते.

नाताळच्या दिवशी पुन्हा दोन तास वाफ दिली. सुरी कडेने फिरवून पुडिंग ताटलीत उलटले, तेव्हा ते अखंड सुटले आणि तळाचा कागद वर आला. ब्रँडी लहान कढल्यात कोमट करून पेटवली व वरून ओतली. गार ब्रँडी सहज पेट घेत नाही, कारण ज्योत लागते ती तिच्या वाफेला. म्हणून ती आधी कोमट करायची, मात्र उकळू द्यायची नाही. निळी ज्योत पूर्ण विझेपर्यंत थांबून पातळ फोडी कापल्या आणि थंड ब्रँडी बटरबरोबर (साखर व ब्रँडी घालून फेटलेले लोणी) वाढल्या. हा पदार्थ जड आहे, त्यामुळे एवढ्या पुडिंगमध्ये आठ-दहा माणसे सहज जेवतात. उरलेल्या फोडी दुसऱ्या दिवशी तव्यावर थोड्या लोण्यात दोन्ही बाजूंनी परतल्या. कडा कुरकुरीत झालेली ती फोड मला गरम पुडिंगपेक्षाही अधिक आवडली.