कासच्या पुढचं झाड

सप्टेंबरातल्या रविवारी आमच्या सातारा-बामणोली गाडीत पाय ठेवायला जागा नसते. कासला निम्मी गाडी रिकामी होते. २०१२ साली पठार जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तर विचारूच नका. मागं राहतात बामणोलीकडची माणसं, त्यांच्या पिशव्या आणि मी, कंडक्टर. तलाव मागं पडून उतार लागला की मी तिकिटांचा हिशेब मिटवतो आणि खिडकीला बसतो. चेर बघायला.

चेर म्हणजे जंगली भेंडी. शास्त्रीय नाव एरिनोकार्पस निम्मोनी. भेंडी-जास्वंदीच्याच कुळातलं, पण चांगलं दोन माणसांहून उंच वाढणारं झाड. पानं तळहाताहून मोठी, खरबरीत, कडेला उथळ खाचा पडलेली. फांद्यांच्या टोकाला पिवळ्या फुलांचे झुबके, पाच पाकळ्या आणि मधे पुंकेसरांचा गुच्छ. एरिनोकार्पस या अख्ख्या वंशात ही एकच जात आहे आणि ती आपल्या पश्चिम घाटाबाहेर जगात कुठंच आपसूक उगवत नाही. उतारावर एका वळणाला चार झाडं दिसतात म्हणून कुणाला त्याचं अप्रूप नाही, एवढंच.

सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळावर, ते येत नाही. तिथं जांभ्यावर माती वीतभरसुद्धा नसते, त्यामुळं तेरडा, गेंद, सीतेची आसवं असली बारकी मंडळीच तग धरतात. कातळ संपून उतार सुरू झाला, माती साठली, की झाडोरा लागतो. चेर त्या रानाच्या कडेला, उजेड मिळेल तिथं उभा असतो. उन्हाळ्यात पानं गाळतो. नेमका तेव्हाच वणवा फिरतो आणि कोवळी रोपं जातात. रस्त्याकडेची झुडपं साफ करताना कोयता चालवणाराही झाड ओळखत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

एकदा मागच्या सीटवरच्या मावशींना विचारलं, हे झाड कशाला कामाला येतं? "अवो, सालीची दोरी व्हती की. मोळी बांधायला." आता नायलॉनची दोरी बाजारात मिळते, साल कोण सोलत बसणार?

गणपती उठल्यावर या. कासला उतरू नका, पुढचं तिकीट काढा. फळं बघायची तर थंडीत: तीनधारी, काटेरी केसांनी भरलेली. हात लावताना जपून, टोचतात.