अर्धे पिल्लू आणि एलियाहू : दोन चित्रपुस्तकांची प्रगती

स्पेनमधील ‘मेदियो पोयितो’, म्हणजे अर्ध्या पिल्लाची लोककथा, आणि ज्यू परंपरेतील एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टे एलियाहू, यांची एक कथा, अशा दोन मराठी चित्रपुस्तकांचे काम सध्या बरोबरीने चालू आहे. पहिल्याचे ३२ पानांचे डमी, म्हणजे पुस्तकाची कच्ची प्रत, तयार झाले असून दुसऱ्याचा स्टोरीबोर्ड, म्हणजे पानापानांवरील चित्रांचा आराखडा, पक्का झाला आहे.

एकच डोळा, एकच पंख आणि एकच पाय असलेले हे पिल्लू आईचे न ऐकता राजाला भेटायला माद्रिदला निघते. वाटेत गवताने तुंबलेला ओढा, विझत चाललेला विस्तव आणि झाडाच्या फांद्यांत अडकलेला वारा त्याच्याकडे मदत मागतात, आणि ते तिघांनाही झिडकारते. पुढे राजाचा आचारी त्याला पातेल्यात टाकतो तेव्हा पाणी आणि विस्तव त्याची विनवणी ऐकत नाहीत. शेवटी वारा त्याला चर्चच्या मनोऱ्यावर नेऊन बसवतो आणि तिथे ते वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा होऊन राहते. कथेचे हे रूप लोककथांचे संकलक अँड्र्यू लँग यांनी १८९२ मध्ये इंग्रजीत आणले. याच पिल्लाच्या कथेचा एक निराळा फाटा आहे, कथाप्रकारांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत ७१५ क्रमांकाचा, ज्यात ते नदीला आणि प्राण्यांना पोटात घेऊन जाते आणि त्यांच्या मदतीने राजाकडून आपले पैसे वसूल करते. मुलांना तो फाटा कदाचित अधिक आवडेल. मी मात्र पहिलाच घेतला, आणि त्याचे कारण चित्रांत आहे.

उजवी बाजू तेवढीच असलेले पिल्लू डावीकडून उजवीकडे चालताना बाजूने काढले, तर ते जवळजवळ धडधाकट दिसते. म्हणून त्याचे अर्धेपण मी आईजवळच्या जोडपानावर (समोरासमोरच्या दोन पानांवर) एकदाच समोरून दाखवले आहे, आणि पुढे संपूर्ण प्रवासात त्याला कुठेही मागे वळू दिलेले नाही. उद्धट पिल्लाला ते शोभतेही. मग अखेरच्या जोडपानावर वाऱ्याने कोंबडा फिरतो आणि प्रथमच डावीकडे तोंड करतो. पत्र्याला दोन्ही बाजू सारख्याच, त्यामुळे इथे काहीही उणे दिसत नाही. पातेल्याचा प्रसंग सौम्य करावा असे काहींनी सुचवले, पण ज्या पाण्याला त्याने नाकारले त्याच पाण्यापुढे त्याला गयावया करावी लागली नाही, तर ओढ्याचे पान निरर्थक ठरते. ओढा आणि पातेले ही दोन्ही चित्रे मी एकाच मांडणीत काढली आहेत.

एलियाहूंच्या कथेची लिखित परंपरा जुनी आहे; ट्युनिशियातील कैरवान येथील रब्बी (ज्यू धर्मगुरू) निस्सिम यांच्या अकराव्या शतकातील कथासंग्रहात ती आढळते. ‘मला गुलाम म्हणून वीक’ असे एलियाहू एका सत्शील, गरीब माणसाला सांगतात, एका रात्रीत देवदूतांच्या साहाय्याने खरेदीदाराचा महाल उभा करतात आणि स्वतः मोकळे होतात. आपल्याकडील बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजात एलियाहूंना विशेष मान आहे. अलिबागजवळच्या खंडाळे गावी त्यांच्या रथाच्या खुणा उमटल्याचे मानतात, आणि त्यांच्या नावे पोहे, खोबरे व फळांचा मलिदा केला जातो. तरीही चित्रांत कोकण आणण्याचा मोह मी टाळला आहे, कारण ही कथा तिथली नाही; खंडाळ्याचा उल्लेख शेवटच्या टिपणात येईल, तेवढा पुरे.

खरा पेच विक्रीच्या पानाचा होता. माणूस विकण्याचा व्यवहार सहा वर्षांच्या मुलासमोर कसा ठेवावा? मी तो लपवलेला नाही, फक्त दृष्टिकोन बदलला आहे: पैसे घेणाऱ्या गरिबाची मान खाली आहे आणि एलियाहू थेट वाचकाकडे पाहतात, त्यामुळे हा बेत त्यांचाच आहे हे मुलाला शब्दांवाचून कळते.

रात्रीच्या महालाची दोन जोडपाने अजून अपुरी आहेत. गडद निळ्या जलरंगातील देवदूतांच्या आकृत्या घरच्या स्कॅनरवर पार बुजतात, म्हणून पुढील टप्प्यात तोच निळा पातळ थरांनी चढवून आकृत्यांची जागा कोरी सोडणार आहे.