स्पॅनिशमधलं ‘या’ आणि आपलं ‘की’
तीन महिन्यांपासून मोबाईलवर स्पॅनिश शिकायलोय, लातूरमध्ये बसून, घरचे म्हणतात ह्याला काही कामधंदा नाही. असो. सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते ‘या’ ह्या एवढ्याशा शब्दानं. डिक्शनरीत अर्थ ‘आधीच’, मी पण तेच घोकलं, पण ‘या कोमी’ म्हणजे ‘मी आधीच जेवलो’ असं कोण बोलतं हो आपल्याकडं, आई विचारते जेवलास का तर आपण म्हणतो ‘जेवलो की’, बस्स, तो ‘की’ म्हणजेच ‘या’. ‘या लो से’, माहितेय की!

पुढं ‘नो’ लागला की वेगळंच. ‘नो फुमो’ म्हणजे सिगारेट ओढत नाही, पण ‘या नो फुमो’ म्हणजे आता ओढत नाही, आधी ओढायचो (पकडला गेला ना).

खरी मजा ‘या बोय’ची. शब्दाला शब्द लावला तर ‘जातो’, पण कुणी हाक मारली की ते लोक हेच म्हणतात, आणि आपण म्हणतो ‘आलो आलो’ आन जागचं हलत नाही. ‘या बेरेमोस’ म्हणजे बघू पुढं, उधारी मागायला गेल्यावर मिळतं तेच उत्तर.

एवढं पाठ केलं तर कळलं अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्सकडं ह्याच ‘या’चा उच्चार ‘शा’ करतात. घ्या आता.