टीबी झाला तर चाळीला कळवतात का?

मावशी परळला राहते, तिचा हा प्रश्न. तिच्या मजल्यावरच्या एका मुलाला टीबी निघाला, डॉक्टरने नाव पालिकेला कळवलं म्हणून त्याची आई घाबरलीय की आता अख्ख्या चाळीत बोभाटा होणार (मावशीला हे कसं कळलं? आईनेच सांगितलं!).

तर तसं काही नसतं. टीबी २०१२ पासून नोटिफायेबल आहे, म्हणजे प्रायव्हेट डॉक्टरनेही सरकारला कळवायचंच, ते निक्षय या सरकारच्या टीबी पोर्टलवर जातं, पेशंट औषधं मधेच सोडत नाही ना ते बघायला. चाळीच्या सेक्रेटरीला कळवा असं त्यात कुठे नाही.

मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत पेशंटचं गुपित बाहेर सांगायला तीनच वाटा आहेत, जजने कोर्टात आदेश दिला तर, ठराविक माणसाला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तर, आणि असा नोटिफायेबल आजार असेल तर. हां, पेशंटच्या भल्यासाठी लागेल तेवढं घरच्यांना सांगावं असंही त्यात आहे, पण भल्यासाठी, आतेबहिणीच्या टाइमपाससाठी नाही!

खरी गोची धोक्याच्या मुद्द्यावर होते. एक माणूस हॉस्पिटलमध्ये रक्त द्यायला गेला, तिथे एचआयव्ही निघाला, ते बाहेर कळलं आणि ठरलेलं लग्न मोडलं, तो हॉस्पिटलविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेला आणि १९९८ ला हरला, कारण होणाऱ्या बायकोच्या जीवाचा प्रश्न होता. मला निकाल पटतो, पण तेव्हा कसं सांगायचं याचे नियमच नव्हते. ते २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात आले. आता डॉक्टरने आधी पेशंटला समजवायचं की तूच जोडीदाराला सांग, तो सांगणार नाही अशी खात्री झाली तर मी सांगणार आहे हे त्याला कळवायचं, आणि मगच जोडीदाराला, तेही समोर बसवून, समुपदेशन करून. पेशंट बाई असेल आणि नवऱ्याला कळलं तर मारहाण होईल किंवा तो घराबाहेर काढेल अशी भीती असेल तर सांगायचंच नाही. हे कलम कोणी लिहिलं माहीत नाही, पण त्याला आपली घरं नीट माहीत होती.

आणि स्वतःचे पेपर मागितले तर ७२ तासांत द्यायचे हेही २००२ च्याच नियमांत आहे बरं का, काउंटरवर रोज 'उद्या या' म्हणाले की सांगा.