माडीची तक्तपोशी: चिकट कोपऱ्याचा उलगडा झाला

सापडलं! माडीच्या तक्तपोशीवर, म्हणजे लाकडी फळ्यांच्या जमिनीवर, खिडकीच्या कोपऱ्यातली ती 3 फुटांची चिकट जागा, जिच्यापायी मी दिवाळीपासून हैराण आहे, ती का वाळत नव्हती ते अखेर कळलं.

बाकीची माडी बेलतेलाचे (उकळलेल्या जवसाच्या तेलाचे) दोन हात पिऊन दोन-तीन दिवसांत कोरडी झाली होती. सागाचा मधाळ रंग असा उजळला की खाली उतरवेना. हा कोपरा मात्र 19 दिवसांनंतरही पायाला चिकटायचा. आधी तेलावर संशय घेतला. सुटं आणलेलं, त्यामुळे दुकानदाराशी वादही घातला. मग त्याच डब्यातलं तेल काचेच्या तुकड्यावर पातळ फासून ठेवलं, तर दोन दिवसांत कडक पापुद्रा. तेल चोख निघालं. दुकानात जाऊन तसं सांगून आलो. मग वाटलं, साग मुळातच तेलकट, त्यावर जवसाचं तेल धरायला वेळ लागतो, तेच असेल. थिनरने पुसून पुन्हा हात दिला. तरी तेच.

गेल्या शनिवारी दापोलीत कडाक्याची थंडी होती. पहाटे चहा घेऊन वर गेलो तर कोपऱ्यावर पांढुरकी साय धरलेली. नखाने खरवडून चिमटीत चोळली, तर विरघळली. थंडीत बाटलीत गोठतं ते खोबरेल! तिथूनच आत्याला फोन लावला. ती म्हणाली, “अरे, घाण्यावरून आणलेले खोबरेलाचे डबे तिथेच तर असायचे. त्यातला एक कायम गळायचा.”

बेलतेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. खोबरेल तसं कधीच होत नाही. साधारण 24 अंशांखाली गोठतं, ऊन वाढलं की पुन्हा पातळ. फळीत वर्षानुवर्षं मुरलेलं खोबरेल वर येऊन माझ्या बेलतेलात मिसळत होतं. 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासत बसलो असतो तर फळी झिजली असती, तेल आतच राहिलं असतं.

म्हणून ते ओढून काढायचं ठरवलं. आधी वरचा चिकटा पत्र्याने खरवडला. मुलतानी माती टर्पेंटाइनमध्ये श्रीखंडाइतकी घट्ट कालवली, पाव इंचाचा थर दिला आणि रात्रभर प्लास्टिकखाली झाकला. सकाळी प्लास्टिक काढून सुकू दिला. (खिडक्या सताड उघड्या, आसपास निरांजनसुद्धा नको.) पहिल्या खेपेच्या खपल्या गडद तपकिरी, हाताला तेलकट. तिसऱ्या खेपेला माती जवळजवळ मूळ रंगाची निघाली. संक्रांतीला जोडून रजा टाकली होती, ती सत्कारणी लागली.

मग तळहाताएवढ्या जागेवर बेलतेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं लावून 15 मिनिटांनी पुसून घेतलं. तिसऱ्या दिवशी हात फिरवला तर कोरडं, गुळगुळीत, कुठेही अडत नाही! तिथेच पाच मिनिटं बसून राहिलो.

पीयू (पॉलियुरेथेनचं व्हार्निश) मारून मोकळा हो, असं अनेकांनी सुचवलं होतं. पीयूखाली हे खोबरेल राहिलं असतं तर थर सुटला असता आणि सगळी माडी तासावी लागली असती. तेलाच्या जमिनीत बिघडलेली तेवढी जागा दुरुस्त होते, म्हणून मी तेलाच्याच बाजूचा.

हे लिहिता लिहिता लक्षात येतंय: झोपाळ्याच्या कड्यांखालचे काळे डाग! लोखंडाचे समजून दोनदा ऑक्झॅलिक ॲसिड लावलं, ढिम्म हलले नाहीत. पण कड्या करकरू नयेत म्हणून आजी त्यांना तेल घालायची. फळीत तेल मुरलेलं असेल तर ॲसिडचं पाणी आत शिरणार कसं? म्हणजे आधी मुलतानी, मग ॲसिड. शनिवारचा तिसरा हात रद्द. आणखी 2 किलो माती घेऊन जातो.

आणि बेलतेलाच्या चिंध्या बोळा करून ठेवू नका, आपोआप पेटू शकतात. मी पाण्यात बुडवून ठेवतो.