विहिरीच्या पानातली कविता

रद्दीच्या दुकानात वीस रुपयांना शेतकीचं एक जुनं पुस्तक मिळालं. मुखपृष्ठ गायब, मागची पानं कसरीनं खाल्लेली. म्हणूनच त्याची पानं सुटी करायचा धीर झाला. धड, वाचण्याजोगं पुस्तक मी या कामासाठी घेणार नाही.

छापील पानावरचे मोजके शब्द ठेवायचे, बाकीच्या मजकुरावर चित्र काढायचं आणि उरलेल्या शब्दांची कविता होऊ द्यायची. हे मी पहिल्यांदा पाहिलं ते टॉम फिलिप्स या ब्रिटिश चित्रकाराच्या कामात. त्यांनी १९६६ मध्ये १८९२ सालची एक विसरलेली कादंबरी तीन पेन्सना घेतली आणि पुढची पन्नास वर्षं तिचीच पानं पुन्हा पुन्हा रंगवली.

मी बसले आणि पहिल्याच पानावर अडले. मराठीत शब्द क्वचितच सुटा सापडतो. 'शेतकरी' हवा तर पानावर 'शेतकऱ्यानें'. 'वाट' आवडली, तर जवळचं क्रियापद 'सुकला'. तीन पानं अशीच गेली. मग उलट्या बाजूनं सुरुवात केली : आधी क्रियापद, नाम नंतर. शेतकीच्या पुस्तकात 'पेरावें', 'खणावें', 'राखावें' यांची रेलचेल. कर्ता नसला तरी ती उभी राहतात, लिंगाची अडचणही येत नाही. त्या जुन्या, शांत आज्ञांचा सूर मला फार आवडला.

रंगांनीही त्रास दिला. जलरंग लावताच पान लाटेसारखं उचललं आणि मागचा मजकूर वर दिसू लागला. आता पाणी घातलेल्या फेविकॉलनं दोन पानं एकमेकांना चिकटवते, जड पुस्तकांखाली रात्रभर ठेवते. शब्दांची जुळणी झेरॉक्सवर करून पाहते, मग मूळ पानावर पेन्सिलीनं चौकटी आखते आणि पोस्टर कलर अगदी कमी पाण्यात लावते.

विहीर खणण्याच्या पानावर 'जागेवर' हा शब्द होता. सहज 'वर'वर बोट ठेवलं, तर 'जागे' उरलं. दोन ओळी वर 'झरे' होतेच! तसाच 'रात्रीपर्यंत'मधला शेपटाचा भाग झाकला. पानावरच्याच क्रमानं हे हाती आलं :

रात्री
झरे
जागे
हात लावूं नये

कापलेल्या शब्दाची शिरोरेषा मात्र तुटकी दिसत होती. तिच्या टोकापासूनच रहाटाचा दोर काढला आणि तो खाली गडद निळ्या विहिरीत सोडला. 'लावूं'वरचा अनुस्वार आधी खोडावासा वाटला होता. १९६२ च्या लेखननियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, त्यामुळे पुस्तक बहुधा त्याआधीचं. पण तो ठिपका तसाच ठेवला आणि त्याच्या खाली आणखी चार निळे ठिपके दिले. आता तिथून पाणी ठिबकतं.

पुढचं पान शेणखताचं आहे. त्यात 'मुरूं द्यावें' दोनदा आलंय. दोन्हींभोवती पेन्सिल फिरवून ठेवली आहे.