तणनाशकाच्या शोधात: शेतापासून एलायझाच्या प्लेटपर्यंत

मातीत तणनाशकाचे अवशेष किती उरलेत हे एलायझा चाचणीने, म्हणजे प्रतिपिंडं (ठरावीक रेणूला चिकटणारी प्रथिनं) वापरून तपासायला मातीचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत जायचं, तर खरी धावपळ शेतातच होते. तणनाशक सगळीकडे सारखं पडत नाही. फवारणीच्या वळणावर ते दुप्पट पडतं, बांधाला हुकतं. म्हणून नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणची वरच्या १५ सेंटीमीटरची माती घेतली, ती एकत्र कालवली आणि त्यातला थोडा भाग पिशवीत भरला. पानांची पिशवी वेगळी. सगळं बर्फाच्या पेटीत, कारण उबेत मातीतले जिवाणू अवशेष खात राहतात. फवारणीची नोंद सोबत ठेवाच. कोणतं औषध मारलं हे माहीत नसेल तर कोणता किट (चाचणीचा तयार संच) काढायचा, हेच प्रयोगशाळेतल्यांना कळत नाही.

आणि एक पिशवी कधीच न फवारलेल्या, पण त्याच प्रकारच्या मातीची. ही विसरलात तर पुढचे आकडे कशाशी ताडून बघणार?

प्रयोगशाळेत माती मिथेनॉल-पाण्यात हलवून अर्क काढतात, मग तो बफरने (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) भरपूर पातळ करतात. मिथेनॉल जास्त राहिलं तर प्रतिपिंडच गडबडतात. मातीतली ह्युमिक आम्लं (कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेली) आणि पानांतलं हरितद्रव्यही असाच घोळ घालतात, म्हणून ती कोरी माती.

अ‍ॅट्राझीन या तणनाशकाचा रेणू फार लहान, रेणुभार सुमारे २१६. एकट्याने तो प्राण्याच्या शरीरात प्रतिपिंड तयार करवू शकत नाही, म्हणून आधी त्याला मोठ्या प्रथिनाला जोडावं लागतं. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये नमुन्यातलं तणनाशक आणि विकर (रंग आणणारं एन्झाइम) जोडलेलं तणनाशक प्रतिपिंडाच्या मोजक्या जागांसाठी भांडतात, संगीतखुर्चीच खेळतात म्हणा ना. त्यामुळे हिशेब उलटा: रंग गडद तर अवशेष कमी, फिका तर जास्त. नवख्याला इथे हमखास चकवा बसतो. आम्ल टाकल्यावर निळा रंग पिवळा होतो आणि ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशात त्याची तीव्रता वाचतात.

बघायला जाणार असाल तर सकाळीच पोचा. किट फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत कोणी पिपेटला हात लावत नाही, आणि ते बरोबरच आहे. प्रत्येक नमुना निदान दोन खाचांत घालायला सांगा. कडेच्या खाचांचे आकडे मधल्यांपेक्षा वेगळे येऊ शकतात, तेवढं लक्षात ठेवा.

निकाल हाती आला की ‘अ‍ॅट्राझीन आहे’ असं लगेच म्हणू नका. प्रोपाझीनसारखा जवळचा भाऊबंदही त्याच प्रतिपिंडाला चिकटतो. किटच्या पत्रकात अशा भाऊबंदांचा तक्ता असतो, तो आधी वाचा. ग्लायफोसेटचं प्रकरण आणखी निराळं: त्याच्या बऱ्याच किटमध्ये अर्कावर आधी रासायनिक प्रक्रिया करावी लागते, तेव्हा वेळ जास्त धरा.

माझ्या मते ही चाचणी चाळणीसाठी उत्तम, वादासाठी नाही. भरपाई किंवा मालाची नाकारणी असा मामला असेल, तर नमुन्याचा अर्धा भाग गोठवून ठेवायला सांगा आणि तो एलसी-एमएस तपासणीला (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारी पद्धत) पाठवा.